लहान पडदा पुरे

छकुले,

काल संगणकाच्या दुकानातून फोन आला होता. गेमसाठी निवडलेले चांगले ग्राफिक्स कार्ड रद्द करून तू हलके घेतलेस आणि उरलेल्या पैशांत पडदा मोठा केलास. "आजोबांना दिसायला नको का?" हे तुझे कारणही दुकानदाराने सांगून टाकले.

बाळ, ज्या कार्डाचा ध्यास तू वर्षभर धरलास, तेच घे; लहान पडदा पुरे. आजच्या आज बदलून मिळेल. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मी भीतीपोटी टाळत आलो. आज तुझ्या बाबांसह रुग्णालयात निघालो आहे. तुला मुद्दाम उठवले नाही, तुझ्यासमोर माझा धीर सुटला असता.

पट्टी निघाली की तुझ्या शेजारी येऊन बसेन. तेव्हा गेममध्ये आपला कोण आणि शत्रू कोण, एवढे मात्र सावकाश सांग.

आजोबा