साहेबांची गाडी आणि पंचमीचं पान

रविवार, २३ सप्टेंबर १९५६

विद्याधरने ऑफिसातून आणलेली डायरी नऊ महिने कोरी पडलीय. मला अक्षर येत नाही. पण नात कुंदा सातवीत आहे. मी सांगणार, ती लिहिणार.

आज त्याच्या मार्तंडराव साहेबांनी आपली गाडी आमच्या कंपाउंडात ठेवली. घाटकोपरला त्यांच्या दारी ती रस्त्यावर उभी असते; आमच्या मुलुंडला फाटक आहे. साहेब सपत्नीक काशीला गेले, दसऱ्याला परत. मग हेड क्लार्क कोण, आमचा विद्याधर की तो श्यामसुंदर, हे ठरवणार. गाडी काळीभोर, आरशासारखी. वर झूल. विद्याधर म्हणाला, आई, तिला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. म्हटलं, मी घरात असताना तुला काळजी कसली रे?

सोमवार, २४ सप्टेंबर, दुपारी तीन

आज पंचमी, यांचं श्राद्ध. भिंतीवर कावळ्याचं पान ठेवलं. साडेबारा, एक, दीड. कावळा शिवेना. आत विद्याधर आणि भटजी उपाशी.

झूल दमट झाली होती, म्हणून मी सकाळी उन्हात घातली होती. बघते तर चार कावळे सावलीतल्या उघड्या गाडीवर! आत दिसणाऱ्या कावळ्यांशी भांडत होते. यांना मोटारीत बसायची फार हौस, ती राहूनच गेली. म्हटलं, हीच खूण. पान उचललं, बॉनेटवर ठेवलं. झटक्यात शिवले! घरात अक्कल माझ्या एकटीच्याच वाट्याला आलीय.

मंगळवार, २५ सप्टेंबर

बॉनेटवर तिळाएवढे पांढरे ठिपके. सात. कुंदा म्हणते चोचींचे. मी म्हणते कलरच कच्चा. यांच्या चोचीला मी दोष देणार नाही.

काजळ आणि एरंडेल कालवून लावलं. संध्याकाळपर्यंत मिटेल प्रकरण.

गुरुवार, २७ सप्टेंबर

काजळ वाळत नाही. धूळ बसून सात माश्या दिसतात. शेजारच्या वनमालाबाईंनी भिंतीवरून विचारलं, गाडीला देवी आल्या का हो? म्हटलं, नवीन मॉडेल आहे, तुम्हाला नाही कळायचं.

रविवार, ३० सप्टेंबर

कावळे आता रोज दहाला येतात, ऑफिसात आल्यासारखे. झुलीला जुमानत नाहीत. चोचीने कड ओढून बाजूला करतात. आज काठी घेऊन धावले. काठी मी हवेतच फिरवली. गाडी मध्ये आली. बोटभर ओरखडा. ठिपके अकरा.

विद्याधर ओट्यावर पेपर वाचत बसला. मी मधे पाट टाकून बसले. झूल नीट आहे ना आई, म्हणाला. म्हटलं, उचलू नकोस, धूळ जाईल. तो बराच वेळ बघत राहिला. गाडीकडे नाही, माझ्याकडे.

गुरुवार, ४ ऑक्टोबर

एरंडेल पुसून विद्याधरचं बूट-पॉलिश चोळलं. सावलीत झकास! एक ठिपका दिसेल तर शपथ. सकाळचं ऊन गाडीवर आलं तेव्हा कौतुकाने कुंदाला दाखवायला झूल पूर्ण ओढली, तर गाडी काळी नाहीच! निळी. गडद निळी. आणि तिच्यावर माझे अकरा काळे डाग. ही गाडी पहिल्यापासून फसवी आहे.

विद्याधर पॉलिश शोधून थकला, तसाच ऑफिसला गेला.

सोमवार, ८ ऑक्टोबर

घाटकोपरच्या गॅरेजातल्या दशरथला बोलावून घेतलं. तो उकिडवा बसला, ठिपक्यांवरून नख फिरवलं. म्हणाला, आजी, आधी हे पॉलिश काढायचं. मग एकेक ठिपका घासायचा, खाली अस्तर, वर निळा रंग, पातळ हात तीन-चार. दर हात वाळू द्यायचा. चार दिवस धरा. एकात गंज धरलाय.

म्हटलं, तिळाएवढ्याला एवढं नाटक? म्हणाला, गडद रंगावर तीळच आधी दिसतो. आज हो म्हणा, नाहीतर दसऱ्याच्या गाड्या आल्या की दिवाळीपर्यंत मला सवड नाही.

विचार करून सांगते म्हटलं. ही माणसं काम उगाच फुगवतात.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर

दशरथला निरोप धाडला. सवड नाही म्हणे. विद्याधर दोन दिवस ताटावरून अर्धपोटी उठतोय. साहेबांची तार आलीय, रविवारी सकाळी येतात.

पण मला तोड सापडली! दसऱ्याला गाडीची पूजा करायची. ठिपक्या-ठिपक्यावर कुंकू, ओरखड्यावर झेंडूची माळ. दसऱ्याचं कुंकू कोण पुसणार? खरं तर हेड क्लार्क मलाच करायला हवं.

रविवार, १४ ऑक्टोबर, सकाळी नऊ

झाली पूजा. गाडी नवरीसारखी दिसते.

त्याच दिवशी, दुपारी

साहेब आले, बाईंना घेऊन. मला काशीचं गंगाजल दिलं. बाई म्हणाल्या, किती मनापासून केलंय हो! मी पदर सावरला. साहेबांनी गाडीला हात जोडले. मग म्हणाले, कुंकवाची बोटं अकरा? आणि सगळी बॉनेटवरच? एकावर अंगठा फिरवला. कुंकू गेलं, पॉलिश गेलं, खाली तांबूस गंज.

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. तेवढ्यात विद्याधर म्हणाला, साहेब, चूक माझी.

मी तोंड मिटलं.

साहेबांनी माळ काढून विद्याधरच्या हातात दिली. चहा न घेताच गेले.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

श्यामसुंदर हेड क्लार्क झाला. विद्याधरने दारातच सांगितलं आणि पाय धुवायला मोरीत गेला.

कुंदाला म्हटलं, साहेबांना पत्र लिही. कावळ्यांनी टोचलं, असं लिही. तिने लिहिलं. फाड, म्हटलं, कलर कच्चा होता, असं लिही. तेही लिहिलं. मग म्हटलं, परक्याच्या दारात गाडी ठेवायचीच कशाला, असं लिही. पोरीने पेन खाली ठेवलं. आजी, कावळ्यांना पान गाडीवर कुणी वाढलं, ते कधी लिहायचं?

मी पेन उचलून परत तिच्या हातात दिलं. मग सांगितलं. पान मी ठेवलं. काठी मी मारली. दशरथला मी परत पाठवलं. आणि रविवारी मी तिथेच उभी होते.

खाली अंगठा उठवला. विद्याधरने पत्र वाचलं. जागा आता काही मिळणार नाही आई, म्हणाला. म्हटलं, ठाऊक आहे. त्याने घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं.

उद्या साहेबांना देणार का, ते विचारायचा मला धीर झाला नाही.