पहिले चार ठोके

क्लीथॉर्प्स,
रविवार, ८ सप्टेंबर १९९६

प्रिय ग्लेन,

तू, शेरिल आणि छोटी टेस खुशाल असाल. इथे आईचा गुडघा आता बरा आहे. तुझ्या जुन्या खोलीच्या खिडकीतून पाणी यायचं ते मी जुलैमध्ये बंद केलं, भिंत कोरडी झाली. दीड वर्षानं लिहिताना भिंतीपासून सुरुवात करू नये हे मला कळतं. पण कुठून करावी ते सुचत नव्हतं. फोन केला असता, पण मागच्या दोन्ही वेळा माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास. त्याबद्दल तक्रार नाही.

आई म्हणाली, बुधवारी आमच्या बँडचं गाणं रेडिओवर लागलं तेव्हा तू गोदीच्या फाटकातच गाडी थांबवलीस. मागे दोन ट्रक हॉर्न वाजवत होते, तरी गाणं संपेपर्यंत हलला नाहीस. आणि मग तिला फोन करून म्हणालास, "पोरगं शिकलं गं वाजवायला."

तिनं हे मला माशाला पीठ लावता लावता सांगितलं. वर म्हणाली, "आता तरी बोला एकमेकांशी. मी काय टपालवाली आहे, याचं त्याला आणि त्याचं याला?"

तुझं ते वाक्य मी चार दिवस खिशात घेऊन फिरतो आहे. ते मला ठेवून घेता येत नाही. का, ते सांगतो, पण क्रमानं सांगू दे. नाहीतर मला ओळखतोस, काहीतरी राहून जाईल.

अल्बम पूर्ण झाला. अकरा गाणी, एकेचाळीस मिनिटं, नाव 'हाफ टाइड'. लाउथ गावाच्या पलीकडे एक जुनं चॅपल आहे, तिथे केला. बाकं काढून टाकली आहेत, पण जमिनीवर त्यांच्या खुणा अजून आहेत. फिनचा आवाज तुला माहीत आहे, धक्क्यावरून कुणाला तरी हाक मारल्यासारखा. तिथे तो छतापर्यंत जायचा आणि खाली येताना जणू दुसऱ्याच कुणाचा तरी झालेला असायचा. पहिल्या दिवशी तो स्वतःच गाता गाता थांबला. "कोण आहे रे वर?" म्हणाला. बॅझनं बास खाली ठेवला आणि म्हणाला, "तुझी रविवारच्या शाळेची राहिलेली हजेरी घ्यायला देव आलाय." आम्ही खूप हसलो. पण नंतर कुणी मोठ्यानं बोललं नाही.

नऊ दिवस आम्ही तिघांनी एकत्र वाजवलं. दहाव्या दिवशी सकाळी डग्लसनं, म्हणजे रेकॉर्डिंग करून घेणाऱ्या माणसानं, मला अंगणात नेलं. हातात चहा दिला. म्हणाला, "रसेल, फिनची गिटार छान आहे, बास छान आहे, फिनचा आवाज तर काय विचारूच नकोस."

ड्रमचं नावच त्यानं काढलं नाही. चहा संपेपर्यंत आम्ही दोघं समोरच्या मेंढ्या बघत होतो.

ग्लेन, तू रेडिओवर ऐकलंस ते मी वाजवलेलं नाही. अकरापैकी एकाही गाण्यात ड्रम माझे नाहीत.

दुसऱ्या दिवशी नोरीन हॅगर्टी आली. पंचावन्नच्या पुढची बाई, हातानं विणलेलं जॅकेट, स्वतःचा थर्मास, स्टुलावर टाकायला स्वतःची उशी. मला वाटलं चॅपलची साफसफाई करणारी असेल, मी तिला झाडू कुठे आहे ते सांगितलं. ती म्हणाली, "धन्यवाद, पोरा. आधी वाजवते, मग झाडते."

मी घरी जायला हवं होतं. बॅझ म्हणालाही, "चल, तुला चिप्स खायला घालतो, इथे बसून काय स्वतःची मयत बघणार आहेस?" पण मी बसलो. आणि बसलो हे बरं झालं, कारण जे पाहिलं ते जन्मात पुन्हा दिसेल असं वाटत नाही.

तिनं ड्रमच्या काठ्यांना हातच लावला नाही. आधी अकराही गाणी डोळे मिटून ऐकली, माझ्या ड्रमसकट. मग डग्लस म्हणाला, "यातले ड्रम काढून टाकतो, तू तुझ्या पद्धतीनं वाजव." ती म्हणाली, "माझ्या पद्धतीनं कसं वाजवू? गिटार या पोराच्या मागे गेली आहे. हा धावला तिथे तीही धावली. मी सरळ गेले तर गाणं मोडेल. मला याच्याच मागून जायला हवं." आणि मला हाक मारून शेजारी बसवलं.

"इथे घाई का केलीस?"

"घाबरलो होतो."

"कशाला?"

"पुढे अवघड जागा होती."

"बरं. मग मीही घाबरते," असं म्हणाली आणि वाजवलं. बरोबर त्याच जागी ती धावली, माझ्याइतकीच. पण तिच्या हातून ते धावणं म्हणजे गाण्यालाच कशाची तरी भीती वाटली आणि त्यानं पाऊल उचललं, असं झालं. माझ्या अंगावर काटा आला. यंत्रांच्या खोलीच्या काचेपलीकडे फिन उभा राहिला होता. अकरा गाण्यांतली माझी एकूणएक चूक तिनं अशी उचलली आणि जागेवर बसवली. नऊ दिवस ज्या चुकांची मी लाज बाळगली, त्यांचीच आता गाणी झाली होती. दोन दिवसांत तिचं काम झालं. मला अपमान वाटायला हवा होता ना? खरं सांगतो, मला चर्चमध्ये कधी वाटलं नाही ते तिथे वाटलं.

एक गोष्ट मात्र राहिली. पहिलं गाणं सुरू होण्याआधी मी काठीवर काठी आपटून चार ठोके दिले होते. ते गिटारच्या माईकमध्येही शिरले होते, निघेनात. डग्लस वैतागला. नोरीन म्हणाली, "राहू दे. हे चार मला येणार नाहीत. तिसरा ऐकलास? किंचित उशिरा येतो, डबकं ओलांडताना माणूस पाऊल लांबवतो तसा. कुणी शिकवलं रे तुला?"

कुणी शिकवलं ते तुला माहीत आहे. सोफ्याच्या उशांवर, लाकडी चमच्यांनी, आई कामावर गेली की. मी सात वर्षांचा होतो. तू म्हणायचास, "तिसऱ्याला जरा वाट बघायला लाव, गाढवा, म्हणजे सगळे कान टवकारतात."

अल्बम त्या चार ठोक्यांनी सुरू होतो. रेडिओवर लागलं ते हेच पहिलं गाणं, पण त्यांनी ते ठोके कापले होते, म्हणून तू ऐकले नाहीस.

आता अल्बमच्या वेष्टनाबद्दल. छपाईआधीचा कागद तपासायला माझ्याकडे दिला आहे, शब्द तपासायचे असले की सगळे माझ्याकडेच देतात. त्यावर लिहिलं आहे, 'ड्रम : रसेल ब्लँचर्ड'. रेकॉर्ड कंपनीचं म्हणणं, तीन चेहरे, तीन नावं, लोकांना सोपं पडतं. नोरीनला मी विचारलं तर हसली. "शंभर रेकॉर्डवर मी आहे, एकावरही नाव नाही. कोण वाचतं, पोरा?"

मी म्हणालो, "मी वाचतो."

आपण दोघं वाचायचो, आठवतं? गालिच्यावर पालथे पडून, आभाराच्या यादीतल्या शेवटच्या माणसापर्यंत.

म्हणून मी ती ओळ खोडली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'ड्रम : नोरीन हॅगर्टी. पहिले चार ठोके : रसेल ब्लँचर्ड, ग्लेन ब्लँचर्डकडून शिकलेले.' पाकीट काल दुपारी टपालात टाकलं. हे पत्र त्याच्यानंतर लिहितो आहे, म्हणजे मला माघार घेता येणार नाही.

इथे थांबलो असतो तर हे पत्र चांगलं झालं असतं. पण अजून एक आहे.

तू समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर कामाला गेलास तेव्हा मला म्हणाला होतास, "एक वर्ष बँडमधली माझी जागा धरून ठेव." वर्षानं परत आलास आणि तुला कळलं की बँडनं मला ठेवायचं ठरवलं. तुला वाटतं फिन आणि बॅझनं ठरवलं आणि मी मान खाली घालून बसलो. तू फिनला एका दुकानात चारचौघांसमोर नाही नाही ते बोललास. त्यानं ऐकून घेतलं.

मतं घेतली तेव्हा फिननं तुझ्यासाठी हात वर केला होता. बॅझ म्हणाला, कंपनीनं रसेलला पाहिलंय, आता बदल नको. एकाला एक. तिसरा हात माझा होता, ग्लेन. मी तो माझ्यासाठी वर केला. फिननं आजवर तुला सांगितलं नाही, कारण भाऊ तुटू नयेत असं त्याला वाटलं. तरीही तुटलेच.

काल मी त्यांना सांगितलं की ऑक्टोबरच्या दौऱ्यावर मी येणार नाही, तुला विचारा. फिनचा हात लगेच वर गेला. बॅझ म्हणाला, "तो येईल, पण आधी माझं नाक फोडेल." थोडा वेळ नाक चोळलं आणि मग त्यानंही हात वर केला. माझा तर आधीच वर होता.

गुरुवारी संध्याकाळी सहाला स्नूकर हॉलच्या वर तालीम आहे. ड्रम लावून ठेवतो, स्टूल तुझ्या उंचीला खाली करून ठेवतो. मी खाली दारापाशी असेन. माझ्याशी बोलावंसं वाटलं तर बोल, नाही बोललास तरी जिना चढ. वर गेल्यावर आधी चार ठोके दे, तिसऱ्याला वाट बघायला लाव. मला खालूनही ऐकू येतील.

टेसला माझा पापा.

तुझी जागा धरून बसलेला,
रसेल