पत्रिकेत अण्णांचं नाव

तासगाव

प्रिय चंदना,

पोस्टाचं पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. तुझा फोन नंबर बदललेला, आणि आपल्या बेदाण्याच्या दुकानातल्या कम्प्युटरवरून सध्या कुणालाही काही पाठवायचं नाही अशी क्रांतीची सक्त ताकीद आहे. तुझ्या वर्गातली क्रांती गं, तिनं स्टँडजवळ कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढलंय. तुझा पुण्याचा पत्ता तिनंच दिला. तिच्यावर चिडू नकोस, मीच फार गळ घातली.

गेल्या आठवड्यात दुकानाच्या मेलवर तुझ्या नावानं एक फाइल आली. फाइलीचं नाव 'लग्नपत्रिका'. अण्णा कसे आहेत तुला ठाऊकच आहे. बँकेचं खरं पत्र आलं तरी मॅनेजरला फोन लावणारा माणूस, बेदाण्याची पेटी तळापर्यंत उलटून बघितल्याशिवाय सौदा न करणारा. त्यांनी कुणाला न विचारता ती उघडली. उघडेना म्हणून पुन्हा दाबली. चष्मा पुसून पुन्हा. मी डबा घेऊन गेले तर म्हणाले, "चंदीची पत्रिका आलीया. उघडंना झालीया." तू गेल्यापासून पहिल्यांदा तुझं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं. 

ते आत काय शोधत होते, ते न सांगता कळलं मला. मेढ्याच्या, आपल्या समाजाबाहेरच्या पृथ्वीराजशीच लग्न करणार असं तू सांगितलंस, तेव्हा म्हणाले होते, "कर. पण पत्रिकेत माझं नाव घालायचं न्हाई." आपल्याकडं पत्रिकेतल्या नावाचं किती असतं! चुलत्याचं नाव मामाच्या खाली छापलं म्हणून जन्मभर न बोललेली माणसं आपल्याच भावकीत आहेत. बापाचं नाव नसलेली पत्रिका बस्तीत जिनदेवापुढं ठेवायची तरी कशी? तू बॅग भरलीस. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझ्या घरात तर असे दोन सुंभ.

दुपारपासून फोन सुरू झाले. तीच पत्रिका आता अण्णांच्या नावानं साऱ्यांना गेली होती, अडत्यांना, बेदाण्याच्या शेडवाल्यांना, पाहुण्यांना. सांगलीच्या पद्मावतीआत्या म्हणाल्या, "दादा, पत्रिका उघडंना, तारीख तरी सांगा." आता भडका उडणार असं मला वाटलं. अण्णा हळूच म्हणाले, "कळवतो. तू यायचं मातर हाय." फोन ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. रडत होते गं.

संध्याकाळी क्रांती आली. तिनं आधी इंटरनेटची वायर ओढून काढली, मग डॉक्टरीणबाईसारखी चौकशी केली, कुठली फाइल, कवा उघडली, मग काय काय झालं. कम्प्युटर मुंगीच्या पावलानं चालत होता आणि काही उघडलेलं नसताना आतला पंखा घरघरत होता. तिनं तपासणी लावली. पडद्यावरून एकेक फाइल सरकत होती आणि अण्णा शेजारी स्टुलावर बसून होते. दिवस मावळायच्या आत जेवून घ्या म्हणून मी दोनदा सांगितलं, उठले नाहीत. सूर्य बुडाला आणि त्यांचं जेवण राहिलं.

शेवटी क्रांती म्हणाली, "काका, व्हायरस हाय. आत पत्रिका नव्हतीच. आधी चंदनाच्या कम्प्युटरला लागला आसंल, त्यानं तिच्या मेलच्या यादीतल्या सगळ्यास्नी धाडला." "नव्हतीच?" अण्णांनी पुन्हा विचारलं.  आणि मग म्हणाले, "म्हंजे तिच्या यादीत आमी अजून हाय?" क्रांती माझ्याकडं बघायला लागली. मी पदर तोंडाला लावला.

कम्प्युटर आता ठीक आहे. क्रांतीनं सगळं पुसून नव्यानं घातलं, पासवर्ड बदलले, फोन करून साऱ्यांना ती फाइल उघडू नका म्हणून सांगायला लावलं. अण्णांनी सगळ्यांना सांगितलं, आत्यांना तेवढं नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तिला कळीव. तिचाबी कम्प्युटर तपासून घिऊ दे, नुकसान हुईल पोरीचं." तर हा त्यांचा निरोप. तपासून घे, पासवर्ड बदल, आणि ओळखीच्यांना सांगून ठेव.

आता माझं ऐक. पत्ता लिहून देताना क्रांती माझ्याकडं बघेना. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "काकू, लगीन वैशाखातच झालं." मी अण्णांना सांगितलेलं नाही. आज ना उद्या खरी पत्रिका येईल म्हणून त्यांनी कोट इस्त्रीला दिलाय. रोज पोस्टमन दिसला की उंबऱ्यात येऊन उभे राहतात. झालेल्या लग्नाची पत्रिका कुणी छापत नाही, कळतं मला. तरी माझ्यासाठी एकच छापून घे. कागदाची, हातानं उघडता येईल अशी. त्यात अण्णांचं नाव घाल आणि पोस्टानं पाठव. तारीख खरी, गेलेलीच असू दे. ते तारीख नंतर बघतील.

तुझीच,
पाकिटावर तुझं नवं नाव पहिल्यांदाच लिहिणारी
आई