आईचा आवाज, कॅसेटवरचा

रविवार, संध्याकाळ

ताईच्या लग्नाच्या कॅसेटची आज डिस्क करून आणली. घशाच्या ऑपरेशनपासून आईला नुसतं कुजबुजता येतं. तिचा जुना आवाज आता फक्त त्या लग्नात आहे. ताई वैजापूरहून मुद्दाम आली.

डिस्क लावली. खरखर सगळी गेलेली, पण पाठवणीच्या वेळचा आईचा आवाज पातळ, डब्यातून आल्यासारखा. ताई म्हणाली, "ही आई नाय रे." खरखर काढताना आवाजही खरवडला गेला असेल का?

मग शेजाऱ्यांचा जुना व्हीसीआर जोडून मूळ कॅसेट लावली. खरखर लई, पण तिच्यातून आईचा भरदार आवाज आला, "सासरी उपाशी निजू नको गं, मागून घेत जा." ताईला रडू आवरेना. तेवढंच तिनं पुन्हा पुन्हा लावलं.

एवढी वर्षं आई बोलत होती, आणि आपण एकदाही फोन समोर धरला नाही. का नाही सुचलं?

वळून पाहिलं तर कॅसेटमधल्या स्वतःबरोबर आई ओठ हलवत होती. मला बघवेना. आवाज कमी करायला गेलो, तर तिनं माझा हात धरला आणि कुजबुजली, "वाढव."