बाळंतिणीची खिडकी

संगमनेर

तीर्थरूप आईस,
गोरक्षनाथचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

आम्ही बरे आहोत. तुझी नात हसू लागली आहे. छातीत थोडी घरघर आहे.

बाळंतिणीला वारा लागू नये, म्हणून तू सांगितल्याप्रमाणे राजेश्वरी खिडकी लावून घेते. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ते चालते. इथे नदीकाठच्या खोलीला ओल असते, लंगोटही आतच वाळतात, त्यामुळे पाळण्यामागची भिंत बुरशीने काळी झाली. मी घासली, पुन्हा आली.

डॉक्टर म्हणाले, "बुरशी पोरीच्या श्वासात जाते. हवा खेळू द्या."

राजेश्वरी म्हणते, "आत्याबाईंनी सांगितलं तरच उघडीन."

काल मी खिडकीचे दारच काढले, तर तिने तिथे तुझी गोधडी बांधली.

तुझा मोबाईल लागत नाही, शेजारचा नंबर माझ्याकडे नाही, म्हणून टेम्पोवाल्या रामहरीकडे पत्र देतो. शेजारच्या फोनवरून राजेश्वरीला आजच सांग. पोर दूध ओढताना श्वासासाठी मध्येच थांबते.

तुझा,
गोरक्षनाथ