कपाटातलं घड्याळ

दादा,

फोनवर तू विचारलंस, सगळं ठीक ना, आणि मी हो म्हणून मोकळी झाले. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. घासलेलीच भांडी पुन्हा घासतेय.

लग्नात तू यांना घड्याळ दिलंस. यांनी ते कधीच घातलं नाही म्हणून तू रुसलाही होतास. अरे, ॲल्युमिनियमच्या भट्ट्यांपाशी विजेच्या जोराने सगळ्याचं चुंबकच होतं, घड्याळ हमखास बंद पडतं. भट्टीवरचा कुणीच घड्याळ घालत नाही. सगळं गाव कारखान्याच्या भोंग्यावर चालतं.

आता निम्म्या भट्ट्या थंड केल्यात. चहावाल्याने बाकडी आत घेतली, शिंप्याकडे गणवेश येत नाहीत. "आमच्या भट्ट्यांची ओळ चालू आहे," हे म्हणतात आणि रोज डबा घेऊन निघतात.

काल घरी आले तेव्हा मी सहज विचारलं, "किती वाजले हो?"

यांनी बाही सारून मनगटावर बघितलं, वेळ सांगितली. मग बाही हळूच खाली ओढली. मी ताट वाढलं.

हे पत्र टाकणार नाही. तू धावत येशील आणि यांची मान खाली जाईल. उद्याही डबा भरीन.

घड्याळ चांगलं निघालं, दादा. अगदी बरोबर चालतंय.

तुझी,
धाकटी