धाकट्याची चूल

आईस, इतिल नदीकाठाहून थोरल्या तोगोनचा गुडघे टेकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. इथलं गवत घोड्याच्या पोटाला लागतं. तुझी कंबर कशी आहे?

तुझा निरोप पोचला. तंबू, चूल, करडी घोडी, सगळं धाकट्याला दिलंस. रीतच आहे आपली, थोरल्यांनी लांब जायचं आणि धाकट्याने आईची चूल राखायची. मी कुठे काय म्हणतोय? फक्त त्याला घोडीची धारही धड काढता येत नव्हती, एवढं आठवलं. तुझ्या हातचं आंबवलेलं दूध रोज पितो म्हणे. पिऊ दे!

पण थोरल्या खानाच्या नातवंडांनी आता वेगळ्या चुली मांडल्यात. वसंतात तुमचा पूर्वेचा खान आमच्या खानावर, म्हणजे मी ज्याच्या फौजेत आहे त्याच्यावर, चालून येतोय, आणि धाकटाही त्या फौजेत निघालाय, असं तूच कळवलंस. मग तुझ्यापाशी कोण राहणार?

तो निघाला की रिवाजाप्रमाणे, सुखरूप परतावा म्हणून, तू त्याच्या वाटेवर दूध शिंपडशील. माझ्या वाटेवर शिंपडलंस त्याला अकरा वर्षं झाली.

आई, तो पश्चिमेलाच निघेल ना? म्हणजे ते दूध माझ्याही दिशेला पडेल. पहिली पळी माझ्या नावाने टाक. त्याला सांगू नकोस.

अजूनही तुझाच,
तोगोन